ऑडिटमध्ये एचएप्रॉक्सी लाल आलंय आणि अपडेट मारूनही व्हर्जन २.०.१३ च दिसतंय, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की शिक्षणसंस्थेचं प्रवेशाचं पोर्टल, पुढे दोन एचएप्रॉक्सी (येणारं ट्रॅफिक घेऊन मागच्या सर्व्हरवर वाटणारा प्रोग्रॅम, म्हणजे प्रॉक्सी), मागे चार अ‍ॅप सर्व्हर, सगळं उबुंटू २०.०४ वर. सर्ट-इनच्या, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, यादीतल्या ऑडिटरने सीव्हीई-२०२१-४०३४६ (एचएप्रॉक्सीतल्या एका सुरक्षेच्या भोकाचा नोंदणी नंबर) लाल रंगात दाखवलंय आणि खाली लिहिलंय की २.०.२५ किंवा त्यापुढची आवृत्ती टाका. तुम्ही अ‍ॅप्ट अपग्रेड (उबुंटूची पॅकेज अपडेट करायची कमांड) केलं तरी २.०.१३ च येतंय, ऑडिटर ऐकायला तयार नाही, प्रवेश चालू असल्यामुळे पोर्टल बंद ठेवता येत नाही, आणि आता तुम्ही सोर्सवरून कंपाइल करून थेट प्रॉडक्शनवर टाकायच्या विचारात आहात.

कंपाइल करू नका, निदान प्रवेश संपेपर्यंत तरी नको. का ते पुढे सांगतो. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय, लोड बॅलन्सर आणि प्रॉक्सी सांभाळायचं, आणि २०२१ च्या सप्टेंबरात या भोकासाठी स्वतः रात्री जागवलेल्या आहेत, त्यामुळे जरा लांबण लागली तरी सगळं लिहितो.

आधी एक गोष्ट सुटी करून घेऊ. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. डिस्कवर पडलेल्या पॅकेजला नंबर कुठला आहे हा एक. आत्ता या क्षणी जी प्रोसेस पोर्टलचं ट्रॅफिक घेतीय तिच्यात ते भोक आहे का नाही हा दुसरा. आणि नाहीये हे तिसऱ्या माणसाला कसं पटवायचं हा तिसरा. ऑडिटर पहिल्याचं बोलतोय, तुम्हाला काळजी दुसऱ्याची असायला हवी, आणि भांडण चाललंय ते तिसऱ्यावरून. एकेक घेऊ.

पण त्याआधी हे भोक नेमकं आहे काय ते समजून घ्या, कारण ते कळलं की कुठला उपाय कशासाठी हे पाठ करावं लागत नाही.

प्रॉक्सी आणि मागचा सर्व्हर यांच्यात एकच कनेक्शन उघडं ठेवून त्यावरून एकामागून एक रिक्वेस्टी जातात, वेगवेगळ्या माणसांच्या. दोन रिक्वेस्टींच्या मधे भिंत वगैरे काही नसते. कापडाच्या ताग्यासारखं आहे, सगळ्या गिऱ्हाइकांचं कापड एकाच ताग्यात सलग, आणि पहिल्या गिऱ्हाइकाचं किती मीटर ते चिठ्ठीवर लिहिलेलं. ती चिठ्ठी म्हणजे कंटेंट-लेंग्थ हेडर, रिक्वेस्टच्या डोक्यावरची मजकुराची लांबी सांगणारी ओळ. आता समजा पुढच्या काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी ६० वाचली आणि मागे कापणाऱ्याने तीच चिठ्ठी ० वाचली, तर मागचा माणूस ते ६० मीटर कापड पुढच्या गिऱ्हाइकाचं धरणार. रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणतात ते हेच. पुढच्याला वाटतं हा नुसता मजकूर आहे, मागच्याला वाटतं ही नवीन रिक्वेस्ट आली. आणि पुढच्याने ती रिक्वेस्ट म्हणून बघितलेलीच नसते, त्यामुळे त्याने लावलेले सगळे नियम, अमुक पाथ बाहेरून बंद, तमुक आयपीलाच परवानगी, ते तिला लागूच होत नाहीत.

एचएप्रॉक्सीत ही दोन वेगळी वाचनं कशी काय झाली? १.९ पासून त्यांनी आतल्या आत एचटीटीपी मेसेज साठवायची नवीन पद्धत आणली, एचटीएक्स नावाची, आणि २.० पासून ती डिफॉल्ट झाली. त्यात प्रत्येक हेडरची माहिती ३२ बिटांच्या एका आकड्यात बसवलेली असते. ४ बिट प्रकाराला, २० बिट हेडरच्या किमतीच्या लांबीला, ८ बिट हेडरच्या नावाच्या लांबीला. ८ बिटांत २५५ पर्यंतच आकडा मावतो. नाव २५५ अक्षरांपेक्षा लांब असलं तर काय, याची तपासणी हेडर जोडणाऱ्या फंक्शनमध्ये राहून गेली होती. मग २७० अक्षरांचं नाव पाठवलं की २७० वजा २५६ म्हणजे १४ एवढंच नावाच्या खणात उरतं, आणि बेरजेत जसा हातचा एक शेजारच्या घरात जातो तसा इथे हातचा एक शेजारच्या खणात, म्हणजे किमतीच्या लांबीत जातो. आता इंग्रजीत कंटेंट-लेंग्थ या शब्दाची अक्षरं मोजा, मधली आडवी रेघ धरून. बरोबर १४. म्हणून हल्लेखोर नावच असं बनवतो की सुरुवातीला कंटेंट-लेंग्थ, लगेच शून्य, आणि पुढे २७० भरेपर्यंत कुठलीही भरताड, किंमत रिकामी. आणि त्याच्या खाली दुसरा खराखुरा कंटेंट-लेंग्थ हेडर, ६० वगैरे आकड्याचा.

पहिल्यांदा वाचताना एचएप्रॉक्सीला ते लांबलचक नाव ओळखीचं वाटत नाही, कुठला तरी अनोळखी हेडर म्हणून तो सोडून देतो, बॉडीची, म्हणजे मजकुराची, लांबी ६० धरतो. मग साठवताना हातच्याचा घोळ होतो आणि त्याच लांबलचक हेडरचं "कंटेंट-लेंग्थ: ०" होऊन बसतं. मागच्या सर्व्हरला ते शून्य मिळतं. संपला विषय, ६० बाइट आता मोकळे, त्यात हल्लेखोराने अ‍ॅडमिन पॅनेलची रिक्वेस्ट लिहून ठेवलेली असते.

जेफ्रॉगच्या सिक्युरिटी टीमने हे शोधलं, विली तारो यांनी, म्हणजे एचएप्रॉक्सीचे मूळ कर्ते, ७ सप्टेंबर २०२१ ला दुरुस्तीसकट जाहीर केलं. दुरुस्ती अगदी चिमुकली आहे, नाव २५५ पेक्षा लांब असलं किंवा किंमत खणात मावत नसली की हेडर जोडायलाच नकार. २.०.२५, २.२.१७, २.३.१४ आणि २.४.४ या आवृत्त्यांत ती आली. १.८ वाल्यांना हा त्रासच नव्हता कारण त्यात एचटीएक्स नाही.

आता तुमच्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण "क्रिटिकल आहे का हो" याला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. तुमचा फ्रंटएंड (एचएप्रॉक्सीची बाहेरून कनेक्शन घेणारी बाजू) टीसीपी मोडमध्ये असेल, म्हणजे टीएलएस, एन्क्रिप्ट केलेलं ट्रॅफिक, न उघडता तसंच मागे पाठवत असाल, तर एचएप्रॉक्सी हेडर वाचतच नाही, हे भोक तिथे लागू होत नाही. पुढे एखादा सीडीएन (बाहेरच्या कंपनीचे मधले सर्व्हर) किंवा वॅफ (वेब रिक्वेस्टी गाळणारी फायरवॉल) असेल तर तो असले लांब हेडर अडवतही असेल किंवा नसेलही, आणि ओरिजिनचा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या सर्व्हरचा, आयपी बाहेरून थेट उघडा असेल तर तो पुढे असून उपयोग शून्य. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅडमिन पॅनेलचं कुलूप कुठे आहे? नुसतं प्रॉक्सीवर "हा पाथ बाहेरून बंद" एवढंच असेल आणि अ‍ॅपमध्ये वेगळं लॉगिन नसेल, तर तुमच्यासाठी हे अतिशय गंभीर. अ‍ॅपही स्वतः लॉगिन तपासत असेल तर धोका कमी होतो पण जात नाही, कारण स्मगल केलेली रिक्वेस्ट अर्धवट सोडून दिली की पुढच्या निरपराध माणसाची रिक्वेस्ट, त्याच्या कुकीसकट, तिला जाऊन चिकटू शकते. प्रवेशाच्या पोर्टलवर हजारो पोरं एकाच वेळी लॉगिन असतात, त्यांचे गुणपत्रक, आधार, बँकेचे तपशील आत असतात, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर याला "बघू नंतर" म्हटलं नसतं.

आता पहिला प्रश्न, नंबरचा. उबुंटू आणि डेबियन एकदा आवृत्ती गोठवली की सहसा तीच ठेवतात, आणि फक्त सुरक्षेची दुरुस्ती उचलून त्या जुन्या कोडमध्ये शिवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. २०.०४ वर या भोकाची दुरुस्तीही २.०.१३ याच आकड्यावर आली, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. नंतर मात्र उबुंटूने २०.०४ ला २.० शाखेच्याच पुढच्या आवृत्त्याही दिल्या, म्हणून आजही २.०.१३ च दिसत असेल तर ताजं पॅकेज तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये. आकडा तोच असताना बदलतो तो त्याच्या मागे लागलेला शेपटाचा भाग, डॅशनंतर उबुंटू असं लिहून जे आकडे येतात तो. आवृत्ती विचारल्यावर येणारी पूर्ण ओळ वाचा, अर्धी नको. उबुंटूने २०.०४ साठी या भोकाची दुरुस्ती सप्टेंबर २०२१ मध्येच दिलीय. खात्री करायची तर अ‍ॅप्टला पॅकेजचा चेंजलॉग दाखवायला सांगा आणि त्यात ४०३४६ शोधा. सापडलं तर पॅकेजमध्ये दुरुस्ती आहे. मग अ‍ॅप्ट पॉलिसीने बघा की बसवलेलं पॅकेज आणि मिळू शकणारं पॅकेज एकच आहे का. वेगळं असेल तर कुणीतरी पूर्वी पॅकेज होल्डवर टाकून, म्हणजे अपडेट होऊ नये म्हणून अडवून, ठेवलंय का ते बघा, हे मी खूप ठिकाणी बघितलंय, आधीच्या अ‍ॅडमिनने काहीतरी मोडलं म्हणून होल्ड लावला, तो नोकरी सोडून गेला, आणि होल्ड तसाच.

ऑडिटरला एक गोष्ट नम्रपणे दाखवून द्या. त्याने सुचवलेली २.०.२५ तुम्ही खरोखर टाकलीत तर तुम्ही आणखी अडचणीत याल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-२५७२५ आलं, रिकाम्या नावाचा हेडर पाठवला की त्याच्या पुढचे हेडर गळून पडायचे, तेही स्मगलिंगच, आणि २.० शाखेत ते दुरुस्त झालं २.०.३१ मध्ये. म्हणजे २.०.२५ वर तुम्ही लाल शेरा पुसाल आणि दुसरं भोक हाताने बसवाल. त्यात २.० ही शाखा २०२४ मध्ये बंदच झाली, मूळ प्रकल्पाकडून तिला आता काहीही येत नाही. चेंजलॉग उघडलाच आहे तर २५७२५ ही शोधा, दोन्ही नंबर सापडायला हवेत.

दुसरा प्रश्न, चालू प्रोसेसचा, आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. कमांड लाइनवर व्हर्जन विचारता तेव्हा उत्तर येतं ते डिस्कवरच्या फाइलचं. मेमरीत चालू असलेली प्रोसेस महिन्यापूर्वीची जुनी असू शकते. तुमच्याकडे स्टॅट्स सॉकेट (चालू एचएप्रॉक्सीला माहिती विचारायची सोय) चालू असेल तर त्याला "शो इन्फो" विचारा, ते चालू प्रोसेसचं व्हर्जन आणि ती किती वेळ चालू आहे ते सांगतं. सॉकेट नसेल तर प्रोसेसचा पीआयडी काढून प्रॉक फोल्डरमधली तिची एक्झी लिंक बघा, शेवटी "डिलीटेड" असं दिसलं की समजा फाइल बदलली पण प्रोसेस जुन्याच फाइलवर चाललीय. आणि ती लिंक कुठल्या फोल्डरकडे बोट दाखवतीय तेही बघा. यूएसआर-लोकलमधलं काही निघालं तर कुणीतरी आधीच कधीतरी सोर्सवरून बसवलंय आणि तुमचं अ‍ॅप्ट भलत्याच फाइलला अपडेट करतंय. डॉकरमध्ये असेल तर होस्टचं अ‍ॅप्ट अपग्रेड कंटेनरला स्पर्शही करत नाही, तिथे इमेज नवीन घ्यावी लागते.

अजून एक सापळा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. एचएप्रॉक्सी रिलोड केलं की नवीन वर्कर (ट्रॅफिक हाताळणारी प्रोसेस) नवीन कनेक्शन घ्यायला लागतो, पण जुना वर्कर मरत नाही, त्याच्याकडची कनेक्शनं संपेपर्यंत तो जिवंत राहतो. साध्या वेबसाइटला हे काही मिनिटांचं काम. पण पोर्टलमध्ये चॅटची खिडकी किंवा वेबसॉकेट असेल, तर कुणीतरी ब्राउझर उघडा टाकून झोपतो आणि जुना वर्कर दोन-दोन दिवस त्या एका टॅबसाठी चालू. पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) मारून बघा, सुरू झाल्याची वेळ वेगवेगळी असलेले अनेक वर्कर दिसले तर हेच झालंय. ग्लोबल सेक्शनमध्ये हार्ड-स्टॉप-आफ्टर लावून ठेवा, मी साधारण अर्धा तास देतो, त्यानंतर जुना वर्कर सक्तीने बंद होतो, उरलेली कनेक्शनं तुटतात पण ब्राउझर परत जोडून घेतो. तुमच्या अ‍ॅपला मधेच कनेक्शन तुटलेलं चालतं का हे मात्र आधी विचारा, फी भरण्याच्या पानावर नको व्हायला.

आणि दोन्ही नोड, म्हणजे एचएप्रॉक्सीची दोन्ही मशिन, बघा, दोन्ही. ही माझी स्वतःची चूक सांगतो. एका पतसंस्थेकडे अशीच जोडी होती, कीपअलाइव्हडीवर (एक नोड पडला की दोघांचा सामाईक, म्हणजे व्हर्च्युअल, आयपी दुसऱ्याकडे नेणारा प्रोग्रॅम), एक चालू एक राखीव. मी चालू असलेला नोड त्याच रात्री पॅच केला, तपासला, ईमेल टाकला की झालं. राखीव नोड "उद्या" वर राहिला. दीड महिन्याने दुपारी यूपीएस गेला, व्हर्च्युअल आयपी राखीव नोडवर गेला, आणि सहा तास त्या संस्थेचं सगळं ट्रॅफिक जुन्या, भोक असलेल्या बायनरीवरून गेलं. काही झालं नाही, लॉग चाळून खात्री केली, पण ते सहा तास मला अजून आठवतात, त्या संस्थेत साध्या लोकांच्या ठेवी होत्या. तेव्हापासून मी उलटा क्रम ठेवलाय. आधी राखीव नोड पॅच करायचा, तपासायचा, मग आयपी त्याच्यावर ढकलायचा, एक दिवस त्याच्यावर चालू द्यायचं, आणि मग पहिला नोड. यात दोन फायदे आहेत, एक म्हणजे बंद न ठेवता काम होतं, आणि दुसरं म्हणजे राखीव नोड खरोखर भार उचलतो का हेही कळतं. तुमच्याकडे दोन नोड आहेतच, म्हणजे प्रवेश चालू असतानाही हे होऊ शकतं. पहाटे करा, निकालाच्या किंवा गुणवत्ता यादीच्या दिवशी करू नका.

समजा चेंजलॉगमध्ये दुरुस्ती सापडली नाही, किंवा कुठल्याही कारणाने आज पॅकेज बदलता येत नाही, तर आज रात्रीच लावता येईल असा तात्पुरता उपाय आहे, आणि तो मूळ घोषणेतच दिलेला आहे. फ्रंटएंडमध्ये नियम टाकायचा की कंटेंट-लेंग्थ हेडरची संख्या एकापेक्षा जास्त आली तर रिक्वेस्ट नाकार, आणि तसाच एक रिस्पॉन्सच्या बाजूला. हेडर मोजणारं फंक्शन एचडीआर-सीएनटी नावाचं आहे, घोषणेतली ओळ जशीच्या तशी उचला, हाताने टाइप करू नका. हा नियम का चालतो ते बघा, वर सांगितलेला हातच्याचा घोळ साठवताना होतो आणि नियम तपासले जातात ते साठवून झाल्यावर, त्यामुळे नियमाला तिथे दोन कंटेंट-लेंग्थ उभे दिसतात, एक बनावट एक खरा. सरळ माणसाच्या रिक्वेस्टमध्ये दोन कधीच नसतात, म्हणून खरा विद्यार्थी यात अडकत नाही.

लावताना दोन गोष्टी सांभाळा. नियम प्रत्येक एचटीटीपी फ्रंटएंडमध्ये आणि लिसन सेक्शनमध्ये वेगळा लिहावा लागतो, २.० मध्ये डिफॉल्ट्समध्ये असले नियम चालत नाहीत. आणि तो सगळ्यात वर ठेवा, कारण त्याच्या आधी कुठे "अलाऊ" नियम जुळला तर पुढचे नियम बघितलेच जात नाहीत. मग कॉन्फिग तपासायचा पर्याय चालवा, बरोबर आलं तरच रिलोड. आणि वरती कॉमेंटमध्ये तारीख आणि सीव्हीई नंबर लिहा, म्हणजे दोन वर्षांनी तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला हा नियम इथे का आहे ते कळेल आणि तो घाईने उडवणार नाही. या नियमाने रिकाम्या नावाच्या हेडरचं २०२३ चं भोक बुजत नाही हे लक्षात ठेवा, त्याचा वेगळा नियम त्याच्या घोषणेत आहे.

आता तिसरा प्रश्न, ऑडिटरला पटवायचं कसं. चेंजलॉगचा स्क्रीनशॉट बऱ्याच ऑडिटरना पुरतो. नाही पुरला तर प्रात्यक्षिक द्या, आणि ते निरुपद्रवी प्रकारे देता येतं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या, तेच पॅकेज आणि तेच कॉन्फिग असलेल्या मशिनवर, एक साधी रिक्वेस्ट पाठवा जिच्यात एका हेडरचं नाव नुसतं एक्स एक्स एक्स असं २७० अक्षरांचं आहे आणि किंमत रिकामी. कंटेंट-लेंग्थचा काही संबंध नको. भोक असलेलं एचएप्रॉक्सी ही रिक्वेस्ट मागे जाऊ देतं आणि मागच्या सर्व्हरला १४ एक्सच्या नावाचा हेडर आणि किंमत म्हणून एक एक्स दिसतो, हातचा एक. दुरुस्त झालेलं एचएप्रॉक्सी ती रिक्वेस्ट नाकारतं. यात कुणाच्या सत्राला धक्का लागत नाही, काही स्मगल होत नाही, आणि समोरच्याला डोळ्यांनी दिसतं. तरीही प्रॉडक्शनवर आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे करू नका, आणि स्टेजिंगवरही लेखी परवानगी घेऊनच करा, ऑडिटचा विषय आहे म्हणून तर जास्तच.

याच ओघात एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो. ऑडिटरला तुमचं व्हर्जन कळलं कसं? एचएप्रॉक्सी स्वतःहून रिस्पॉन्समध्ये आपलं नाव किंवा व्हर्जन लिहीत नाही. मग एकतर तुम्ही त्याला लॉगिन देऊन आतून स्कॅन करू दिलंय, ते ठीक आहे, किंवा तुमचं स्टॅट्स पेज बाहेरून उघडं आहे. त्या पानावर व्हर्जन तर असतंच, शिवाय मागच्या सगळ्या सर्व्हरची नावं, कोण चालू कोण बंद, किती भार, आणि अ‍ॅडमिन पर्याय दिलेला असेल तर सर्व्हर बंद करायची सोयसुद्धा. दुसरं निघालं तर ते आजच बंद करा, आतल्या नेटवर्कपुरतं ठेवा, पासवर्ड लावा, आणि व्हर्जन लपवायचा पर्यायही लावा. लपवल्याने भोक बुजत नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं सामान दिसायचं थांबतं. ऑडिट रिपोर्टमध्ये हे वेगळं लिहिलं नसेल तरी माझ्या मते तुमच्यासाठी हे जास्त तातडीचं असू शकतं.

कुणी आधीच घुसून गेलंय का हे कसं बघायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. एचएप्रॉक्सीच्या लॉगमध्ये स्मगल केलेली रिक्वेस्ट रिक्वेस्ट म्हणून दिसणार नाही, तीच तर खुबी आहे. म्हणून मागच्या अ‍ॅप सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग आणि पुढचा एचएप्रॉक्सीचा लॉग शेजारी शेजारी ठेवायचे, आणि मागे आहे पण पुढे नाही अशा रिक्वेस्टी शोधायच्या. विशेषतः जे पाथ तुम्ही प्रॉक्सीवर बंद केलेत त्या पाथच्या रिक्वेस्टी मागे दिसल्या तर लगेच सावध व्हा. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा मूळ माणसाचा आयपी सांगणारा हेडर मागे लॉग करत असाल तर तो रिकामा असलेल्या ओळी बघा, कारण तो हेडर प्रॉक्सी लावतो आणि प्रॉक्सीने ही रिक्वेस्ट बघितलीच नाही. पण सावध, हल्लेखोराने रिक्वेस्ट अर्धवट सोडली असेल तर पुढच्या माणसाचे हेडर तिला चिकटतात आणि मग त्या ओळीत एखाद्या बिचाऱ्या विद्यार्थ्याचा आयपी दिसतो. आयपी दिसला म्हणून त्या पोराला पकडायला जाऊ नका, ही विनंती आहे, कारण असं होताना मी जवळून बघितलंय. दोन्ही मशिनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) जुळलेली नसतील तर ही तुलना जमणार नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं जुळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं दोन्ही आहे, आणि काही सापडलं तर सहा तासांत कळवणंही. तेव्हा लॉग बघायला बसायच्या आधी संस्थेतल्या जबाबदार माणसाला सांगून ठेवा.

आता कंपाइलचं. सोर्सवरून बसवायला विरोध नाही, मी स्वतः काही ठिकाणी तसंच चालवतो. पण ज्या दिवशी तुम्ही कंपाइल केलंत त्या दिवसापासून प्रत्येक दुरुस्तीवर लक्ष ठेवणं, परत बांधणं, परत टाकणं ही तुमची जबाबदारी झाली, अ‍ॅप्ट हात वर करतं. तुमच्याकडे यासाठी वेगळा माणूस आहे का? प्रश्नावरून तरी तुम्ही एकटेच दिसता, प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं तुमच्याच गळ्यात. मग पॅकेजवरच राहा. आणि २.० वरून मोठी उडी मारताना कॉन्फिगही मोडतं. रेक-रेप, रेक-अ‍ॅड, आरएसपी-अ‍ॅड असले जुने शब्द २.१ मध्ये काढून टाकलेत, जुन्या कॉन्फिगमध्ये ते हमखास असतात आणि नवीन बायनरी सुरूच होत नाही. एनबी-प्रॉक २.५ ला गेलं. हे सगळं प्रवेशाच्या गर्दीत कळायला नको.

पण २०.०४ वर कायम राहायचं असाही याचा अर्थ नाही. त्याचा मोफत नियमित सपोर्ट मे २०२५ मध्ये संपलाय, त्यापुढच्या दुरुस्त्या उबुंटू प्रो घेतलं तरच येतात. म्हणजे या भोकापुरते तुम्ही सुरक्षित असाल, पुढच्या भोकाला नसाल. प्रवेश संपले की २२.०४ वर गेलात तर २.४ शाखा मिळते, २४.०४ वर २.८. मी तुम्हाला थेट २४.०४ सांगेन, कारण २.४ चा मूळ प्रकल्पाकडचा पाठिंबा २०२६ पर्यंतच ठरलेला आहे आणि पुन्हा वर्षभरात हेच करत बसाल. सम आकड्याच्या शाखा पाच वर्षं सांभाळतात, विषम आकड्याच्या वर्ष-दीड वर्षच, म्हणून विषम शाखेवर पोर्टल चालवू नका. ऑडिटरला उत्तर देताना हेही लिहा, की आज बॅकपोर्टने भोक बंद आहे, पुरावा सोबत जोडलाय, आणि अमुक महिन्यात ओएस बदलणार आहोत. तारीख दिली की बहुतेक वेळा ते शेरा लालचा पिवळा करतात, तारीख नसलेलं उत्तर ते परत पाठवतात.

तर आत्ता घरी जायच्या आधी एवढं करा: दोन्ही नोडवर चेंजलॉगमध्ये दोन्ही नंबर, दोन्ही नोडवर "शो इन्फो", पीएसमध्ये जुने वर्कर, आणि स्टॅट्स पेज मोबाइलच्या डेटावरून उघडतंय का. जे येईल ते इथे टाका, फक्त आयपी आणि होस्टनेम पुसून टाका. तात्पुरता नियम लावलात आणि त्याने काही रिक्वेस्टी नाकारलेल्या दिसल्या तर त्या ओळी वेगळ्या काढून ठेवा, पुसू नका, आणि मला वेळा सांगा, मागच्या लॉगशी त्या कशा लावून बघायच्या ते मी सांगतो.